बी.कॉम. झालं, अनुभव नाही: अकाउंट असिस्टंटची पहिली नोकरी कशी मिळवाल

"अकाउंट असिस्टंट पाहिजे. टॅली आवश्यक. अनुभव १ ते २ वर्षे." (टॅली म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर.) ही जाहिरात वाचून निम्मी मुलं तिथेच थांबतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असं हे गोल गोल चालतं. मीही अनुभवाच्या रकान्यात रेघ ओढूनच या लाइनीत शिरलो. आता एका वितरकाच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळतो आणि नव्या मुलांची चाचणी घ्यायचं काम माझ्याकडेच असतं. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने एक गोष्ट सांगतो. "अनुभव पाहिजे" असं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं की, "याच्या शेजारी बसून प्रत्येक एन्ट्री मला दाखवावी लागू नये." हे नोकरीआधीही सिद्ध करता येतं. कसं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं पुण्याकडची आहेत, पण नाशिक, कोल्हापूर, सांगली, संभाजीनगर कुठेही हेच चालतं.

१. आधी कोणत्या दारात जायचं ते ठरवा

नव्या बी.कॉम. मुलाला साधारण तीन प्रकारच्या ठिकाणी काम मिळतं.

सीए किंवा कर सल्लागाराचं ऑफिस. इथे पगार सगळ्यांत कमी आणि शिकायला सगळ्यांत जास्त. किराणा, मेडिकल, बिल्डर, ट्रान्सपोर्टवाला अशा पंधरा-वीस पार्ट्यांची पुस्तकं एका वर्षात हाताखालून जातात. घरची ओढाताण फार नसेल तर पहिलं वर्ष इथे काढा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त आर्टिकलशिप आणि नोकरी यांत गल्लत करू नका. आर्टिकल म्हणजे सीएचा अभ्यास करणारा, नोंदणी झालेला विद्यार्थी. तुम्ही पगारी असिस्टंट म्हणून जाताय, हे फोनवरच सांगा. नाहीतर समोरचा पहिला प्रश्न "इंटर (म्हणजे सीएची मधली परीक्षा) झालं का?" असाच विचारतो.

व्यापारी किंवा वितरक. मार्केट यार्ड, लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्ल्या, शहराबाहेरची गोदामं. इथे बिलं करायची, वसुलीचे फोन करायचे, बँकेत जायचं, ड्रायव्हरच्या पेटी कॅशचा हिशेब घ्यायचा, सगळं एकाच माणसाने. शिस्त कमी असते, पण धंदा कसा चालतो ते इथेच कळतं.

एमआयडीसीतला कारखाना. भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, वाळूज. इथे एकच टेबल मिळतं. उदाहरणार्थ फक्त खरेदीची बिलं: पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल आल्याची पावती) आणि पार्टीचं बिल, तिन्ही जुळली की पास. काम एकसुरी असतं, पण पगार तारखेला होतो आणि पीएफ बहुधा असतो.

तिन्हीकडे एकच बायोडेटा धाडू नका. कोणत्या दारात कोणतं काम पुढे करायचं ते वेगळं असतं.

२. टॅली शिका म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

क्लासचं सर्टिफिकेट सगळ्यांकडे असतं. एमएस-सीआयटीही असते. मी चाचणीला बसवतो तेव्हा ती फाइल उघडतही नाही. मी दहा बिलं हातात देतो आणि बघत राहतो.

ही तयारी घरी फुकटात होते. टॅलीप्राइम कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या आणि सुरू करताना एज्युकेशनल मोड निवडा. त्याला लायसन्स लागत नाही. अट एवढीच की महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्र्या करता येतात. सरावाला तेवढं पुष्कळ झालं. सगळी बिलं १ किंवा २ तारखेला टाका, कोण विचारतंय! पण क्रॅक केलेली टॅली घेऊ नका. चोरीची टॅली वापरून शिकलो, हे मुलाखतीत अभिमानाने सांगणारेही भेटतात.

आता खरा मुद्दा. पुस्तकातली 'राम ट्रेडर्स, श्याम ट्रेडर्स' ही उदाहरणं पुरे करा. ओळखीतलं एखादं किराणा दुकान, मेडिकल, गॅरेज, काकांचं हार्डवेअर शोधा आणि त्यांना विचारून दोन महिन्यांची खरेदी-विक्रीची बिलं मागा. खऱ्या बिलांत काय काय निघतं ते तिथेच कळतं: नाव चुकीचं, फ्रेट (वाहतूक खर्च) वेगळं लावलेलं, राउंड ऑफ, माल परत गेल्याची डेबिट नोट, अर्धं पेमेंट रोख आणि अर्धं यूपीआयने. ही बिलं स्वतः बसून टाका. बिलं परत करा आणि त्या दुकानाचे आकडे बाहेर कुठे बोलू नका. हिशेबाच्या लाइनीत तोंड बंद ठेवणं ही पात्रताच आहे.

नोकरीला जाण्याआधी एवढं न अडखळता जमायला हवं:

- एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस. माउस हातात घेणारा नवखा लगेच ओळखू येतो.
- लेजर कोणत्या ग्रुपखाली उघडायचं. फर्निचर जर इनडायरेक्ट एक्स्पेन्सेसमध्ये गेलं, तर पुढची सगळी ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) शंकेची.
- जीएसटी नंबर वाचणं. १५ अक्षरं-अंक असतात. पहिले दोन राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढचे दहा म्हणजे त्या पार्टीचा पॅन. नंबर २७ ने सुरू होणाऱ्या पुण्यातल्या पार्टीने पुण्यातच माल दिला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा). गोव्याच्या पार्टीकडून माल आला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा). हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो.
- बँक रिकन्सिलिएशन. सरावाला स्वतःच्याच खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या, टॅलीत बँक बुक तयार करा आणि शेवटची शिल्लक पैशापर्यंत जुळवा. जुळत नसेल तर फरकाला २ ने भागून पाहा, तेवढी रक्कम डेबिटऐवजी क्रेडिटला गेलेली सापडते. ९ ने भाग गेला तर आकडे उलटे पडलेत, ७२० चे २७० झालेत.
- एक्सेलमध्ये फिल्टर, व्हीलुकअप, पिव्होट. जीएसटी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (थोडक्यात २बी) येतो, म्हणजे पार्ट्यांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांची यादी. तो आपल्या खरेदीच्या यादीशी जुळवायचा आणि कुठल्या पार्टीने बिल चढवलंच नाही ते काढायचं. हे किचकट काम हमखास नव्या माणसाच्या वाट्याला येतं. दोन याद्या बनवा, मुद्दाम चुका घाला आणि जुळवत बसा.

क्लासच्या जुन्या नोट्सबद्दल एक इशारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ टक्क्यांचा टप्पा गेला, बहुतेक वस्तूंसाठी २८ चाही गेला. आता मुख्यतः ५ आणि १८, आणि थोड्या वस्तूंना ४०. मुलाखतीत "५, १२, १८, २८" असं घडाघडा म्हणून दाखवलंत तर तुम्ही पाठांतर केलंय एवढंच कळतं.

ही सगळी सरावाची फाइल जपून ठेवा. ट्रायल बॅलन्स, बँक रिकन्सिलिएशनचं पान आणि २बी जुळवलेली शीट यांच्या प्रिंट एका फोल्डरमध्ये लावा. नावं खरी असतील तर आधी बदला. हा फोल्डर म्हणजेच तुमचा अनुभव.

३. कागदपत्रं

हे झटपट उरकतं, फक्त एका दिवशी बसून करा.

- दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला
- पदवी प्रमाणपत्र. अजून आलं नसेल तर प्रोव्हिजनल
- पॅन आणि आधार; आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, ओटीपी तिथेच येतो
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा कॅन्सल केलेला चेक
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- टायपिंग, टॅली, एमएस-सीआयटी जे काही असेल ते

तिन्ही ठिकाणी, म्हणजे आधार, पॅन आणि बँकेत, नाव अगदी एकसारखं आहे का ते बघा. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये, दुसरीकडे फक्त आद्याक्षर, असं असेल तर पीएफचं खातं उघडताना अडकतं. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आडनाव अर्धवट बदललेलं असतं. तेही आत्ताच मार्गी लावा. सगळं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये ठेवा.

४. बायोडेटा एका पानाचा

करिअर ऑब्जेक्टिव्ह, छंद, जन्मवेळ छापाचे तपशील काढून टाका. वरती नाव, मोबाइल, राहण्याचा भाग (ऑफिसपासून किती लांब ते बघतात), आणि लगेच काय येतं ते. "टॅलीचे ज्ञान आहे" या वाक्याला काही किंमत नाही. असं लिहा:

"एका किराणा दुकानाची दोन महिन्यांची खरेदी-विक्रीची बिलं टॅलीप्राइममध्ये टाकली, बँक रिकन्सिलिएशन आणि ट्रायल बॅलन्स काढली. २बी आणि खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये जुळवण्याचा सराव."

कॉलेजात असताना गणपती मंडळाचा जमाखर्च ठेवलात, पतसंस्थेत सुट्टीत बसलात, दुकानात काउंटरवर होतात, तर तेही लिहा. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत लावणारा मुलगा मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा बरा वाटतो. एटीकेटी लागली होती, वर्ष गेलं, तर ते लपवू नका. विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि पुढे जा.

५. शोधायचं कुठे

नोकरीची ॲप आणि साइट आहेतच. तिथे प्रोफाइल टाका, पण त्यावर विसंबून बसू नका, कारण एका जागेला शेकड्याने अर्ज पडतात. छोटी ऑफिसं तिथे जाहिरात देतच नाहीत. ती देतात स्थानिक वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत, नाहीतर थेट ओळखीत सांगतात.

सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही अशी एक वाट सांगतो: तुमच्या गावात टॅली विकणारा अधिकृत पार्टनर. त्याची माणसं लायसन्स नूतनीकरण आणि दुरुस्तीसाठी रोज दहा ऑफिसांत जातात. कुणाचा अकाउंटंट सोडून गेला, कुणाकडे बिलांचा ढीग पडलाय, हे त्यांना आधी कळतं. तिथे जाऊन आपला नंबर देऊन या. तसंच क्लासच्या सरांना, बँकेच्या करंट अकाउंट काउंटरवरच्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवा.

सरकारी बाजूला राज्याचं महास्वयम पोर्टल आहे. त्यावर नोंदणी केली की रोजगार मेळाव्यांची माहिती मिळते. नव्या पदवीधरांसाठी केंद्राची नॅट्स अप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी) आहे. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठेवलं होतं. सध्या तुमच्या जिल्ह्यात प्रवेश चालू आहे का, ते जिल्हा कौशल्य विकास, रोजगार केंद्रात विचारा. विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं वचनही नसतं, एवढं डोक्यात ठेवून घ्या.

व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवायचा तर असा:

"नमस्कार सर. मी बी.कॉम. (२०२५), राहणार कोथरूड. टॅलीप्राइममध्ये बिल एन्ट्री, बँक रिकन्सिलिएशन आणि २बी जुळवणी येते. आपल्याकडे असिस्टंटची गरज असल्यास एक दिवस बसून काम करून दाखवायची तयारी आहे. बायोडेटा सोबत जोडला आहे."

नुसतं "हाय सर, एनी व्हेकन्सी?" याला उत्तर येत नाही. येऊही नये.

६. कोणत्या तारखेला जाऊ नये

हा भाग नीट वाचा, कारण चांगली मुलं इथे चुकतात. हिशेबाच्या ऑफिसाचं पंचांग वेगळं असतं.

बहुतेक महिन्यांत ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) भरायचा. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी (महिन्याचा गोषवारा आणि कर). म्हणजे १० आणि ११, तसंच १८ ते २० या दिवसांत तुम्ही बायोडेटा घेऊन दारात उभे राहिलात, तर तुमच्याकडे वर बघायलाही कुणाला वेळ नसतो. पोर्टल अडकलेलं, पार्टीचा फोन चालू, चहा गार झालेला. त्याच माणसाकडे २२ ते २८ दरम्यान सकाळी अकराच्या सुमारास जा. तो बसवून पाणी विचारेल.

वर्षाचंही तसंच. सप्टेंबर हा टॅक्स ऑडिटचा महिना, मुदत वाढली की ऑक्टोबरही त्यातच जातो. तेव्हा सीए ऑफिसात नव्याला शिकवायला कुणी मोकळं नसतं. पण मे-जूनमध्ये, रिटर्नची गर्दी सुरू व्हायच्या आधी, तिथे जादा हात हवे असतात. व्यापाऱ्यांकडे दिवाळीनंतर जागा निघतात, कारण बोनस हातात पडला की जुनी माणसं दुसरीकडे जातात. निकाल लागला की लगेच, म्हणजे सगळ्यांबरोबर, बाहेर पडण्यापेक्षा हे दोन मोसम धरा.

७. सापळे

- नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉप डिपॉझिट, गणवेशाचे पैसे. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागितले की उठा.
- मूळ मार्कशीट जमा करून घेणारे. दाखवायला मूळ, द्यायला झेरॉक्स. झेरॉक्सवर "फक्त नोकरीच्या अर्जासाठी" असं लिहून तारीख आणि सही करा.
- टेलिग्रामवर "घरबसल्या डेटा एन्ट्री", आधी थोडे पैसे देतात आणि मग टास्कसाठी भरायला लावतात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.
- "तुमच्या खात्यावर पार्टीचे पैसे घेऊ, तुम्ही पुढे पाठवा." हा नव्या अकाउंटंटसाठीचा खास सापळा. खातं तुमचं, त्यामुळे पोलीसही तुमच्याच दारात येतात.
- तुमच्या पॅन-आधारवर जीएसटी नोंदणी काढू पाहणारा मालक. "फक्त नावापुरतं" असं म्हणतात. खोट्या बिलांच्या फर्म अशाच उघडतात. ओटीपी कुणाला सांगू नका, मालकालाही नाही.
- "तीन महिने बिनपगारी, मग बघू." एक दिवसाची चाचणी ठीक, फार तर दोन. त्यापुढे काम केलं तर पैसे ठरवून.

८. मुलाखत आणि चाचणी

छोट्या ऑफिसात मुलाखत म्हणजे दहा मिनिटं गप्पा आणि अर्धा तास टॅली. फोल्डर पहिल्या पाच मिनिटांतच टेबलावर ठेवा, विचारायची वाट बघू नका.

बिल हातात आलं की सरळ टाइप करायला लागू नका. आधी नंबर, तारीख, जीएसटी नंबर, कराचा प्रकार बघा. मी दहांतल्या एका बिलात मुद्दाम बेरीज चुकवतो किंवा दुसऱ्याच फर्मच्या नावाचं बिल घालतो. दहाच्या दहा पटापट टाकणारा नापास होतो. सातच झाली, पण "सर, हे बिल आपल्या नावाचं नाहीये" म्हणणारा मला हवा असतो.

माहीत नसेल तर "हे मी केलेलं नाही, एकदा दाखवलंत तर करीन" असं म्हणा. "हो हो, येतं" म्हणणाऱ्याने खरोखरच्या पार्टीच्या पुस्तकात केलेला गोंधळ मार्चपर्यंत निस्तरावा लागतो.

"इथे किती दिवस टिकशील?" हा प्रश्न येतोच. बँकेच्या किंवा सरकारी परीक्षा देत असाल तर सांगून टाका. सुट्टी मागायची वेळ येणारच आहे. वर्षभर थांबायची खरी तयारी असेल तरच तसा शब्द द्या.

पगाराचं तुम्हीच विचारा, संकोच नको. माझ्या पाहण्यात नवख्याला १२ ते १६ हजारांच्या आसपास सांगतात, सीए ऑफिसात त्याहूनही कमी. आकड्याबरोबर हेही विचारा: हातात किती, पीएफ आहे का, शनिवार पूर्ण की अर्धा, सप्टेंबरमध्ये किती वाजेपर्यंत बसायचं, दिवाळीला काय. मुलींनी उशिरा थांबायचं झालं तर जाण्याची सोय काय, हे आधीच विचारावं.

९. रुजू होताना

नेमणूकपत्र मागा. छोटा व्यापारी "आपल्यात कशाला पत्र" म्हणेल. मग निदान पद, पगार आणि रुजू झाल्याची तारीख लिहून एक ईमेल त्यांना करा आणि "ठीक आहे" असं उत्तर मिळवा. पुढच्या नोकरीत अनुभव दाखवताना तेच कामाला येतं. पगार बँकेतच घ्या, त्याच कारणासाठी.

पहिल्या आठवड्यात एक वही करा: कुठली पार्टी कुठल्या नावाने ओळखतात, कुणाचं बिल कधी येतं, कुणाला किती दिवसांची उधारी. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घ्यायची जबाबदारी कुणाची ते विचारा. कुणाचीच नसेल तर स्वतःकडे घ्या. जुन्या तारखेची एन्ट्री कुणाला न विचारता बदलू नका, भरून गेलेल्या रिटर्नच्या महिन्यातली तर अजिबात नाही.

आणि पहिला पगार कमी आला म्हणून दचकू नका, आधीच हिशेब करून ठेवा. समजा पगार १५,००० आहे आणि सगळा पीएफला धरला आहे. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ईएसआयसी (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे ११३. प्रोफेशन टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. हातात १२,८८७. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत प्रोफेशन टॅक्स लागत नाही, त्यामुळे त्यांच्या हातात १३,०८७ यायला हवेत. कापला असेल तर पगारपत्रक घेऊन जा आणि विचारा. पीएफ कापला जात असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) मागून घ्या, उमंग ॲपवर पासबुक उघडा आणि मालकाचा हिस्साही जमा होतोय का ते दोन महिन्यांनी तपासा. हा नंबर आयुष्यभर एकच असतो. पुढच्या ठिकाणी "नवीन काढू" म्हणाले तर जुनाच द्या.